खापरपणजोबांचं गाव

खानदेशात वाळवंट नाही, पण मे महिना आहे. पारा पंचेचाळिशीच्या पुढे सरकला की जळगाव-भुसावळची नावं रोज बातम्यांत येतात. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही आणि गावोगावी लोक डोक्याला उपरणं गुंडाळून 'काय ऊन रे भो' एवढंच एकमेकांना सांगत असतात. पुण्याचा माझा एक मित्र नुकताच इजिप्त बघून आला होता. उंटावर बसलेला तो, पिरॅमिडला टेकलेला तो, वाळूत डोळे मिटून उभा राहिलेला तो, असे दीडेकशे फोटो त्याने मला दाखवले. नंतर धुळ्यात माझ्याच घरी, माझ्याच ताटातली शेवभाजी ओरपत त्याने विचारलं, "ऊन तर तुमच्याकडेही तेवढंच आहे. पण बघायला काय आहे?"

पाहुण्याशी भांडू नये. मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या चाळीसगाव पॅसेंजरमध्ये बसवलं.

धुळे-चाळीसगाव हा छपन्न-सत्तावन्न किलोमीटरचा फाटा १९०० सालचा. शिरूड, बोरविहीर, जामदा करत गाडी निवांत जाते. मार्चअखेर होती. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेली रानं उघडी पडली होती. मित्र खिडकीतून बघत म्हणाला, "वाळवंटच म्हणायचं की."

"तुला उंट पाहिजे होता ना? उंट नाही, पण शहामृग दाखवतो," मी म्हणालो. फारसीत या पक्ष्याचं नाव शुतुरमुर्ग. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. तेव्हा मी फार मोठी थाप मारत नव्हतो.

चाळीसगावहून कन्नडच्या बाजूला डोंगराकडे गेलं की पाटणे लागतं. पुढे पाटणादेवीचं देऊळ, मागे अजिंठ्याच्या डोंगररांगेची भिंत आणि भोवती गौताळा अभयारण्याचं जंगल. पावसाळ्यात इथे धबधब्यांखाली उभं राहायला जागा मिळत नाही. मार्चमध्ये मात्र ओढ्यात गोटे आणि झाडांवर माकडं. याच पाटण्याजवळ १९७२-७३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे डॉ. एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. अश्मयुगातल्या माणसाची कितीतरी हजार वर्षांची दगडी हत्यारं त्यांना इथे थरांवर थर अशी सापडली. जास्पर, कॅल्सिडनी अशा गुळगुळीत दगडांची पाती जितकी वरच्या थरातली तितकी लहान आणि नाजूक होत गेलेली. आणि या पात्यांच्या संगतीला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे आणि त्यापासून केलेले मणी! कार्बन-१४ पद्धतीने त्यांचं वय निघालं सुमारे २५ हजार वर्षं.

देवळाच्या वाटेवर एक ठेलारी मेंढ्या घेऊन बसला होता. आम्ही उन्हातान्हात जमिनीकडे बघत फिरतोय हे पाहून त्याला राहवलं नाही.

"काय दखाले उनात, भाऊ?" काय बघायला आलात?

"शहामृग," माझा मित्र म्हणाला.

त्याने आम्हाला नीट न्याहाळून घेतलं. "आठे ते मोर शेतस." इथे मोर आहेत. हे त्याने इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं की आपली गाठ शहरातल्या भोळ्या माणसांशी पडली आहे हे त्याने ओळखल्याचं स्पष्ट कळत होतं. मग आम्ही त्याच्याजवळ बसलो. माणसापेक्षा उंच पक्षी, त्याचं एक अंडं म्हणजे कोंबडीची दोन डझन अंडी, हे सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न हिशेबाचाच आला. एका अंड्यात किती माणसं जेवतील? आणि कवच फेकून द्यायचे का?

मेंढपाळाचा प्रश्न नेमका होता. कवच फेकून देत नसत. ते जवळपास दोन मिलिमीटर जाड, चिनीमातीच्या बशीसारखं टणक असतं. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलहारी वाळवंटात सान लोक अगदी अलीकडेपर्यंत या अंड्याला एक भोक पाडून त्यात पाणी साठवत आणि अंडं फुटलं तर त्याचे मणी करत. कवचाचे लहान तुकडे पाडायचे, टोकदार दगडाने मधे भोक पाडायचं, ते दोरीत घट्ट ओवायचे आणि अख्खी माळ खरबरीत दगडावर घासून एकदम गोल करायची. पाटण्याच्या बाईने किंवा बुवाने २५ हजार वर्षांपूर्वी नेमकी हीच रीत वापरली की दुसरी, ते सांगायला कोणी उरलं नाही. मण्याचं भोक मात्र उरलं आहे.

कवचाचा एक तुकडा जास्तच गाजला. त्यावर समांतर रेघा आणि त्यांच्यामधे आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरली आहे. पुढच्या काळात भारतात ठिकठिकाणी अशी 'नक्षीदार' कवचं सापडल्याच्या बातम्या येत राहिल्या. बारकाईने तपासल्यावर त्यांपैकी बहुतेकांवरची नक्षी माणसाने नव्हे, निसर्गानेच केलेली निघाली. पाटण्याचा तुकडा त्या तपासणीत टिकला. खानदेशात येऊन गेलेल्या शहामृगाची जात कोणती, यावरही शंका काढणारे होतेच. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतात सापडलेल्या जुन्या कवचांतून डीएनए मिळवला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो असं दाखवलं. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला उघडं गवताळ रान लागतं, लांबवर दिसायला आणि पळायला. म्हणजे आज बिबट्या लपतो त्या या डोंगरपायथ्याला तेव्हा कोरडं, मोकळं माळरान असणार. वाळवंट नव्हे, पण मित्राच्या समाधानापुरतं पुष्कळ.

मेंढपाळाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आते नही ना पन." आता नाहीत ना पण. त्याचं मेंढरांवर लक्ष होतं. शहामृग काय, असला तरी त्याचं कुरण खाणारच.

पाटण्याची दुसरी गोष्ट एका शिलालेखाची. डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईचे नामांकित डॉक्टर आणि तितकेच नाणावलेले प्राच्यविद्या संशोधक. त्यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८, म्हणजे १२०६-०७ चा हा लेख. गणिती भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणि' शिकवायला त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्या मठाला देणगी दिली. देणगीचा मुहूर्त चंद्रग्रहणाचा. ग्रहण वर्तवणाऱ्यांच्या मठाला दुसरा कोणता मुहूर्त शोभणार?

लेखाची सुरुवात संस्कृतात आहे. राजवंश, पूर्वजांची थोरवी, जे काय जडजवाहीर भाषेत यायचं ते त्यात आलं आहे. पुढे पैशाचा विषय निघतो आणि लेख मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरची राजाची पट्टी मठाला, सुपाऱ्यांतला इतका वाटा मठाला, घाण्यावरचं पळीभर तेल मठाला, आणि धान्य मापायचं ते मठाच्या मापाने. वाद होऊ नये म्हणून माप कोणाचं ते आधीच लिहून ठेवणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. संस्कृत कोणी वाचो न वाचो, तेल्याला आणि वाण्याला आपलं देणं कळलंच पाहिजे, म्हणून मराठी. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा लेख मोलाचा वाटतो तो त्या तेल-सुपारीमुळेच.

देवळाजवळच्या हॉटेलात चहा देणाऱ्या दादांनी मात्र आम्हाला ठणकावून सांगितलं की भास्कराचार्य इथलेच, इथेच जन्मले, आणि शून्यही त्यांनी इथेच शोधलं. शून्य भास्कराचार्यांच्या कितीतरी आधीचं. आणि लेख फक्त एवढंच सांगतो की मठ नातवाने काढला. स्वतः भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड असं लिहून ठेवलं आहे. ते विज्जलविड कुठलं, यावर पंडितांत एकमत झालेलं नाही. हे सगळं मी चहा संपेपर्यंत सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. वादात हरलो की जिंकलो, ते मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक घोटाळा इथेच सोडवून टाकतो. जळगाव जिल्ह्यात चांगदेव दोन आहेत. हे गणित्याचे नातू एक. मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णेच्या संगमावर ज्यांचं जुनं देऊळ आहे, ते योगी चांगदेव दुसरे. वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले ते. पाटण्याचे चांगदेव वाघावर बसले असतील असं वाटत नाही. त्यांना तेलाचा हिशेब ठेवायचा होता.

तिथून आम्ही गिरणाकाठच्या बहाळला गेलो. बहाळला भास्कराचार्यांचं घराणं पुन्हा भेटतं. त्यांच्या भावाचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी; त्याने शके ११४४ मध्ये इथे भवानीचं देऊळ बांधल्याचा शिलालेख आहे. मित्राला मी मात्र तेवढ्यासाठी आणलं नव्हतं. मला त्याला पांढरी दाखवायची होती.

मराठी गावाचे दोन रंग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं माणसं एकाच ठिकाणी राहिली की चुलीची राख, शेणमाती, पडलेल्या भिंती, फुटलेली भांडी, जनावरांची हाडं असं सगळं साठत जातं, जमीन उंच होते आणि तिचा रंग फिकट राखाडी पडतो. पुरातत्त्वाचे लोक ज्याला टेकाड म्हणून नकाशावर खूण करतात, त्याला गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पांढरी म्हणत आली आहेत. महाराष्ट्रात उत्खनन कुठे करायचं हे ठरवायला लांब जावं लागत नाही. पारावर बसून 'तुमची पांढरी कुठे' एवढं विचारलं तरी चालतं.

बहाळची पांढरी म. न. देशपांडे यांनी १९५२ ते १९५७ या काळात दोन टप्प्यांत खणली. अळूवडीचा काप काढल्यावर वेटोळी दिसतात तशा एकावर एक वस्त्या दिसल्या. सगळ्यांत खाली तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, म्हणजे ताम्रपाषाणयुग. त्याच्यावर लोखंड आलेलं गाव. त्याच्याही वर पुढचे काळ. नदीच्या पलीकडे टेकवाड्याला त्याच काळातली दफनं सापडली. सबंध खानदेशात अशी वस्त्यांची माळ आहे. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, जिथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. साक्री तालुक्यात कावठे, जिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं तेव्हा खड्डे खणून त्यात संसार मांडलेल्या माणसांची घरं निघाली. आणि तापीकाठचं सावळदा, ज्याच्या नावाने 'सावळदा संस्कृती' सगळ्या देशात ओळखली जाते. तिचा काळ साधारण इसवीसनापूर्वी २००० च्या आसपासचा. सावळद्याचे कुंभार भांड्यांवर फुलं काढत बसले नाहीत. त्यांनी बाणाची टोकं आणि मासे मारायचे भाले रंगवले. स्वभाव दिसतो.

पांढरीवर चालताना पायाखाली खापरं कुरकुरत होती. मित्राने एक उचललं. हाताच्या पंजाएवढं, पातळ, विटकरी लाल, वरच्या काठाखाली काळ्या रंगाच्या दोन रेघा आणि त्यांना टेकलेल्या तिरक्या रेघा. मी त्याला नखाने टिचकी मारायला सांगितलं. टण्ण असा आवाज आला, पितळी वाटीसारखा. आजच्या माठाची टिचकी बद्द वाजते. असा आवाज हा जोर्वे संस्कृतीच्या भांड्यांचा ओळखीचा गुण. ती भट्टीत फार चांगली भाजलेली असतात. आमच्या हातातलं खापर नक्की त्याच काळातलं होतं असं मी म्हणणार नाही. थरातून सुटून वर आलेल्या खापराबद्दल शहाण्या माणसाने शपथ घेऊ नये. पण मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हातून हे पडलं आणि फुटलं, आणि घरात भांडण झालं असेल. खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं ते आता कळायचा मार्ग नाही.

खानदेशात खापराला तसा मान आहे. आमच्याकडे पुरणाचे मांडे पालथ्या खापरावर होतात. तव्यावरच्या पोळीला त्यांची सर नाही. मराठीत पणजोबांच्या वडिलांना खापरपणजोबा म्हणतात. हा शब्द कसा झाला असेल याबद्दल मी बोलणार नाही, पण पांढरीवर उभं राहिलं की तो शोभतो.

उतरताना पहिल्याच घराच्या धाब्यावर एक आबा फावड्याने माती पसरत होते. जुन्या घरांचं छप्पर म्हणजे धाबं, लाकडी कड्यांवर काड्या-पाला टाकून वरून मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढवावी लागते. शेजारच्या बाजेवर दोन घमेली भरून ठेवली होती. मातीचा रंग मी ओळखला.

"आबा, माती कुठली?"

"पांढरीनी."

"गयत नही का?"

माझी अहिराणी ऐकून ते हसले. "पांढरी गयत नही." मग त्यांनी समजावलं, काळी माती उन्हाने तडकते, पांढरी राखेसारखी बारीक, पाणी पडलं की दबून बसते. त्यांचे वडील हीच टाकत, आजोबा हीच टाकत. शेतातही दोन गाड्या टाकल्या की पीक चांगलं येतं. हे खरंच आहे. राख, हाडं आणि शेण यांनी भरलेली ही माती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं मुरलेलं खत.

मित्र त्या घमेल्याकडे बघतच राहिला. त्यात एक लाल खापराचा तुकडा होता. म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलींची राख या घरावर पाणी अडवत होती. इजिप्तमध्ये अशा घमेल्याभोवती दोरी बांधून तिकीट लावलं असतं, असं तो म्हणाला. आबांना तिकिटाची कल्पना आवडली.

"ते खोदनारा लोके उन्थात," आबा सांगू लागले. "मना बाप सांगे, गाडाभर खापरं लई ग्यात. सोनं सापडनं का नही, कोन जाने." खोदणारे लोक आले होते, गाडीभर खापरं घेऊन गेले, सोनं सापडलं की नाही कोण जाणे. मी म्हणालो, सोनं नाही, खापरंच न्यायची होती. आबांचा विश्वास बसला नाही. एवढी शिकलेली माणसं खापरांसाठी येतात? त्यांनी आम्हाला कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला घातला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत थोडी दया होती.

ही गावं ओस का पडली, याचं उत्तर हवेत आहे असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर मांडत. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या इसवीसनापूर्वी १००० च्या सुमारास बहुतेक रिकाम्या झाल्या. त्यांच्या मते हवामान कोरडं होत गेलं आणि शेती परवडेना. सगळ्या अभ्यासकांना हे एकच कारण पुरेसं वाटत नाही. दुष्काळात गाव सोडून जाणं हे मात्र खानदेशच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आणि मग माणसं पुन्हा त्याच पांढरीवर येऊन राहिली, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना भामेरला गेलो. साक्री तालुक्यात, निजामपूरच्या जवळ. जुनं नाव भंभागिरी. आभीर राजांची ही राजधानी यादव सिंघणाने जिंकली. अहिराणी या नावात ज्यांची आठवण आहे तेच हे आभीर. अवशेष शोधायला इथे जावं लागत नाही, तुम्ही गावात शिरता तेच जुन्या दरवाज्याने. तटाचे दगड घरांच्या ओट्यांना, डोंगरात कोरलेल्या गुहा, आणि पलीकडच्या पठारावर वीज करणाऱ्या पवनचक्क्यांची रांग. शाळेतून सुटलेली चार पोरं आमची वाटाडी झाली. वर गेल्यावर त्यांच्यातल्या सगळ्यांत लहान पोराने मित्राला विचारलं, तुम्ही आमचा किल्ला विकत घेणार का? मित्राने किंमत विचारली. पोरांनी बराच वेळ आपापसांत चर्चा करून 'नाही विकायचा' असं सांगितलं.

धुळ्याला आल्यावर मित्राने खिशातून बहाळचं ते खापर काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ते कुरिअरने मला पाठवलं, सोबत चिठ्ठी, 'बहाळला जाशील तेव्हा परत ठेव.' मी ते नेऊन पांढरीवर ठेवलं, जिथे उचललं होतं तिथेच, निदान तिथे कुठेतरी. नेमकी जागा आठवत नव्हती, आणि जागा हरवलेल्या खापराचा अभ्यासकाला उपयोग उरत नाही. तेव्हा तुम्ही बहाळला गेलात तर खापर उचलून बघा, टिचकी मारून आवाज ऐका आणि होतं तिथेच ठेवून द्या. डोक्याला उपरणं न्या. पाणी गावात मागितलंत तरी मिळेल.